पुढचा डावा खूर

माझी मावसबहीण शलाका आमच्याकडे राहायला आली, तेव्हा साऱ्या घरात एकच गोष्ट अशी होती जी फक्त मला येत होती. मला घोड्याचा पाय उचलता येत होता. आईला स्वयंपाक येत होता, गाणं येत होतं, बर्फात गाडी चालवता येत होती; बाबांना कॉम्प्युटरमधलं सगळं येत होतं, आणि जे येत नव्हतं तेही येतं असं ते सांगत. मी चौदा वर्षांची, अभ्यासात मध्यम, दिसायला मध्यम, मराठी मंडळाच्या नाटकात कायम मागच्या रांगेतलं झाड. पण शनिवारी सकाळी पागेत मी घोडीच्या खांद्याला खांदा टेकून उभी राही, तिच्या पायावरून हात खाली सरकवत नेई, घोट्याच्या वर हलकेच दाबी, आणि एवढं धिप्पाड जनावर आपला पाय उचलून माझ्या हातात देई. बाबा कुंपणाबाहेरून ते बघत आणि दोन पावलं मागे सरकत. त्यांना घोड्यांची भीती वाटायची. मला त्यांचं ते मागे सरकणं फार आवडायचं.

आमचं अपार्टमेंट पिस्कॅटवेला, युनिव्हर्सिटीच्या पलीकडे. तिथून अर्ध्या तासावर शेतं सुरू होतात हे आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नव्हतं. त्यांचं न्यू जर्सी ऑफिस, मॉल आणि ओक ट्री रोडवरची देशी दुकानं एवढ्यातच संपत असे. मिस डोना पूर्वी शाळेची बस चालवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांच्या जागेवर पाच घोडे ठेवले होते आणि शनिवारी आम्हा सात-आठ मुलींना घोड्यावर बसायला शिकवत. माझ्या वाट्याला बिस्किट आली होती. बुटकी, फिकट तपकिरी, रुंद पाठीची घोडी, गवताचा नुसता वासही जिच्या अंगाला लागेल अशी. इतर मुली येत, तासभर बसत आणि जात. मी दुपारपर्यंत राही. खरारा करायचा, आकड्याने खुरांतली माती आणि खडे काढायचे, पाणी भरायचं. घरी आले की आई दारातच मला थांबवून कपडे थेट धुवायला टाकायला लावी आणि नाकाला पदर लावल्यासारखा हात लावी. अंगात ट्रॅकसूट असला तरी तिची ती सवय गेली नव्हती.

शलाका आली ती कुंदामावशी आणि दिलीपकाकांबरोबर. काकांना त्यांच्या कंपनीने वर्षभराच्या प्रोजेक्टवर पाठवलं होतं, आणि सख्खी बहीण इथे असताना वेगळं घर कशाला, असं आईनेच फोनवर ठरवून टाकलं. कुंदामावशी आईची मोठी बहीण. दोघी नागपूरच्या महालातल्या, पण सात वर्षांत आईची बोली धुऊन निघाली होती आणि मावशीची पहिल्या दिवसासारखी ताजी होती. मावशी आली आणि घरात आवाज आला. मिक्सर सकाळी सहाला सुरू होई. फोडणीचा धूर लागून स्मोक अलार्म आठवड्यातून दोनदा ओरडे, मग काका खुर्चीवर चढून वर्तमानपत्राने वारा घालत आणि मावशी खालून सूचना देत. गोळाभात, पाटवड्यांची रस्सेदार भाजी, सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर कोंबून भरलेली वडी, हे पदार्थ मी त्या वर्षी पहिल्यांदा पोट भरून खाल्ले. घर भरून गेलं होतं आणि त्यात मी, जी सात वर्षं त्या घरातलं एकुलतं एक मूल होते, भिंतीकडे सरकत चालले होते.

शलाका माझ्याहून एका वर्षाने लहान. पहिल्याच आठवड्यात तिने आईला पोळ्या करून दाखवल्या, गोल आणि फुगणाऱ्या. माझ्या पोळ्यांना बाबा देशांची नावं देत. शलाका आईबरोबर स्वयंपाक करताना गाणं म्हणे, आणि आईचा आवाज, जो मी फक्त गणपतीच्या कार्यक्रमात माइकवरून ऐकला होता, तो रोज संध्याकाळी ओट्यापाशी ऐकू येऊ लागला. मी माझ्या खोलीत, जी आता आमची खोली होती, कानात वॉकमन घालून पडून राही. जेवताना बाबा तिला कोडी घालत आणि ती सोडवी. तिच्यात खोट काढायची तर सापडेना, हा तिचा सगळ्यात मोठा दोष होता. ती माझे कपडे घड्या घालून ठेवी, मला अनूताई म्हणे, माझ्या शाळेतल्या गोष्टी डोळे मोठे करून ऐके. दुष्ट असती तर मला किती सोपं गेलं असतं. माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं सांगण्यासारखं नव्हतं.

तरी शनिवार माझा होता. मग एका शुक्रवारी आईने भांडी पुसता पुसता सांगितलं, उद्यापासून शलूलाही घेऊन जा, तीही बघेल घोडे. एका वाक्यात तिने माझा शनिवार अर्धा केला, आणि तिला ते कळलंही नाही.

वॉल्टर दर सहा आठवड्यांनी यायचा. वॉल्टर म्हणजे नालबंद. सत्तरीचा, वाकलेला, चामड्याचा एप्रन लावणारा, ट्रकमध्ये एक आंधळा कुत्रा घेऊन फिरणारा. बहुतेक घोड्यांना नाल नसायचीच, खूर कापून, कानशीने घासून सारखे करायचे असत. पण वॉल्टर आल्या आल्या पायाला हात लावत नसे. आधी तो लांब उभा राहून घोडा नुसता बघे. मग चालवून बघे, पावलं सारखी पडतात का, वळताना कुठला पाय जपतो. मग बरगड्यांवरून हात फिरवी, मानेवरचा आयाळीखालचा उंचवटा दाबून बघे, कारण लठ्ठ घोड्याच्या तिथेच चरबी साठते आणि कडक होते. मग घोट्यामागे दोन बोटं ठेवून नाडी बघे. निरोगी घोड्याची तिथली नाडी शोधावी लागते, ती सापडायला वेळ लागला तर आनंद मानायचा, असं तो सांगे. मग पालथा हात खुरावर, गरम आहे का गार. आणि सगळ्यात शेवटी पाय उचलायचा. अर्धं काम पाय जमिनीवर असतानाच होतं, हे त्याचं म्हणणं. मी हे सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं. प्रत्येक घोड्याला एक पान, तारीख, चाल, बरगड्या, नाडी, खुरांवरच्या रेघा, वास. अंगावरच्या मांसाला एक ते नऊपैकी गुण. तीन वर्षं मी ती वही घेऊन वॉल्टरच्या मागे मागे फिरत होते, आणि तीन वर्षांत त्याने मला एकदाही कानस हातात दिली नव्हती. मी विचारलं होतं. त्याने हसून, मोठी झालीस की, असं सांगितलं होतं.

शलाका पहिल्यांदा आली त्याच शनिवारी वॉल्टर आला. तो मजेत होता. त्याने आम्हा दोघींना बिस्किटच्या दोन बाजूंना उभं केलं आणि डोळे मिटून बरगड्यांवर हात फिरवायला लावला. युक्ती त्याने आधीच दाखवली: मूठ वळून मुठीच्या हाडांवरून बोट फिरवा, बरगड्या अशा लागल्या तर घोडा उपाशी आहे. हात सरळ करून पालथ्या पंज्यावरून फिरवा, असं लागलं तर ठीक. तळव्यावरून फिरवल्यासारखं मऊ लागलं, तर जास्त झालंय. मी बराच वेळ हात फिरवून, वहीतलं गेल्या वेळचं आठवून सहा गुण सांगितले. सहा म्हणजे किंचित भरलेली. शलाकाने आयुष्यात पहिल्यांदा घोड्याला हात लावला होता. ती मराठीत म्हणाली, अनूताई, ही खूप जाड आहे गं, आईच्या दंडासारखं लागतंय, बोट आत जातं. वॉल्टरने विचारलं ती काय म्हणते. मी नाइलाजाने सांगितलं. तो खदाखदा हसला, स्वतः हात फिरवला, आणि मिस डोनांना हाक मारून म्हणाला की बिस्किट आठ आहे, आठाला रतीभरही कमी नाही, आणि अशी घोडी पाय घालवून बसते. हिरवं गवत कमी करा, दाणा बंद, साखरेचा खडासुद्धा नको, गाजरही नको. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघा आजही मला आठवतात, कारण त्याच वेळी वॉल्टर शलाकाला म्हणत होता, तुला हात आहे बरं का पोरी. आणि त्याने तिला कानस दिली. उचललेल्या खुराच्या कडेवर ती कशी सपाट धरायची ते तिच्या हातावर हात ठेवून दाखवलं. पांढरी भुकटी तिच्या बुटांवर पडत होती. मी वही मिटली.

आता माझी पन्नाशी जवळ आली आहे. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला राहते, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, आणि लोक म्हणतात माझं लक्ष फार बारीक आहे. असेलही. पण लक्ष आणि हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दुपारी कळलं, आणि ज्याला फक्त लक्ष मिळालंय त्याला हात असलेल्या माणसाबद्दल काय वाटतं तेही. हेवा हा शब्द फार सौम्य आहे. माझा जळफळाट झाला. घरी जाताना गाडीत बाबांनी विचारलं, काय शिकलीस शलू, आणि ती सांगत राहिली, आणि बाबा म्हणाले अरे वा. मला ते तीन वर्षांत अरे वा म्हणाले नव्हते. अर्थात मी त्यांना कधी काही सांगितलंही नव्हतं, पण तेव्हा हे सुचत नाही.

दसरा आला तो शनिवारी. बाबांनी आदल्या दिवशीच टोयोटा धुऊन ठेवली होती. सकाळी आईने तिला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि शेजारच्या कोरियन काकूंनी खिडकीतून हात केला. काकांच्या लॅपटॉपवरही कुंकवाचं बोट उमटलं. हे सगळं आटोपल्यावर कुंदामावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, लोखंडाच्या गाडीची पूजा होऊन राहिली इथं, अन् पोरी ज्या जिवंत घोडीवर बसतात तिची कोणी करायची? तिच्या माहेरी, म्हणजे आईच्याच माहेरी, दसऱ्याला टांगेवाल्याच्या घोड्याची पूजा होत असे, आणि त्याला गूळ-डाळ चारायला मुलांची रांग लागे. आईलाही ते आठवलं आणि दोघी बहिणी एकदम लहान झाल्या. तासाभरात पुरण वाटलं गेलं. मावशीने पोळ्या लाटल्या, शलाकाने भाजल्या. ओक ट्री रोडवरून आणलेली गुळाची ढेप पिशवीत गेली, रात्रीपासून उसळीसाठी भिजत घातलेले हरभरे डब्यात गेले, आणि आम्ही सगळे नटूनथटून पागेत गेलो. बाबासुद्धा.

मिस डोनांना फार मजा वाटली. त्या फोटो काढत होत्या. बिस्किट दारात उभी, कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडू, आणि मावशी नारायणपेठी साडीत तिच्यापुढे ताम्हन ओवाळतेय. मग मावशीने पिशवी उघडली. शलाका पुढे झाली आणि हळूच म्हणाली, आई, वॉल्टरने हिला गोड द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. मिस डोना तेवढ्यात फोन वाजला म्हणून घराकडे गेल्या होत्या. मावशीचा हात तसाच थांबला. तिने शलाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या लेखी पागेतलं सगळं मला माहीत होतं.

"अनू, तू सांग. चालते का गूळ हिला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शलाका घरी आल्यापासून पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या वहीत दोन रेघा मारलेलं वाक्य होतं. आणि शलाका, जी जेमतेम महिन्यापूर्वी पागेत पहिल्यांदा आली होती, ती माझ्या घोडीबद्दल माझ्यादेखत सांगत होती. तिचं बरोबर होतं, म्हणूनच ते मला खपलं नाही.

"थोडा चालतो गं मावशी," मी म्हटलं. "शलूला अजून सगळं कळत नाही."

मावशीचं थोडं म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या हाताखालून कोणी अर्धपोटी उठलं नव्हतं. बिस्किटने पाच पुरणपोळ्या खाल्ल्या, डबाभर हरभरे खाल्ले, आणि गुळाचे मुठीएवढे खडे मावशीच्या तळव्यावरून उचलत राहिली. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खाऊन घे माय, खाऊन घे, असं ती म्हणत होती. उरलेली ढेप तिने कापडात बांधून दाणे ठेवायच्या पिंपामागे ठेवली आणि मला बजावलं की शनिवारपर्यंत कोणी आलं तर देत जा. बुधवारी काका तिला पुन्हा घेऊन गेले, तेव्हा तिनेच दिली. ढेप संपली. मी त्या आठवड्यात एकदाही कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी स्वतःचं वाक्य गिळावं लागलं असतं.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही दोघीच गेलो होतो. बाबा सोडून गेले. हवा थंडगार होती, कुंपणावर दव होतं. शलाका बिस्किटचे खूर कोरायला बसली. कोरण्याआधी तिने वॉल्टरसारखा पालथा हात खुरावर ठेवला, पुढचा डावा. मग घोट्यामागे दोन बोटं ठेवली आणि तशीच बसून राहिली. तिचा चेहरा आठवतो. ऐकू न येणारं काहीतरी ऐकायचा प्रयत्न करावा तसा.

"अनूताई, खूर गरम लागतोय," ती म्हणाली. "आणि इथे धडधडतंय. शोधावंच लागलं नाही मला."

मी वाकले. मी हात लावला. खूर गरम होता, चहाचा कप निवत आल्यावर असतो तसा. बोटांखाली नाडी ठोके देत होती, एकामागून एक, ठसठशीत. याचा अर्थ काय तो माझ्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेला होता. मिस डोनांना हाक मारायची, घोडीला हलू द्यायचं नाही, वॉल्टरला फोन. एवढंच करायचं होतं. पण मिस डोना येणार, विचारणार कोणाच्या लक्षात आलं, वॉल्टर येणार आणि पुन्हा म्हणणार की पोरीला हात आहे. आणि गुळाचं निघणार, आणि गुळाला हो कोण म्हणालं ते निघणार. हे सगळं माझ्या डोक्यातून जायला खूर पुसायला लागतो तेवढाच वेळ लागला.

"उन्हात उभी होती ना, म्हणून," मी म्हटलं. "असं होतं. तुला सवय नाही अजून."

शलाकाने आकाशाकडे बघितलं. ऊन होतं, कोवळं, नावापुरतं. मग तिने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि पाय खाली ठेवला. मी खोगीर चढवलं आणि तासभर बिस्किटवर बसले. खडीच्या रस्त्यावर तिची पावलं आखूड पडत होती. मी तिला टाच मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मिस डोनांचा फोन आला तेव्हा घरात पोह्यांचा वास होता. आम्ही गेलो. बिस्किट पुढचे दोन्ही पाय ताणून, सगळं वजन मागच्या पायांवर टाकून उभी होती, गरम तव्यावर उभं केल्यासारखी, आणि एक पाऊल टाकायला तयार नव्हती. जनावरांच्या डॉक्टर आल्या होत्या. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं की खूर म्हणजे मोठं नख, आतलं हाड त्या नखाला बारीक पापुद्र्यांनी चिकटून असतं. जास्त साखर गेली की तिथे सूज येते, पकड सुटते, आणि वरून अख्ख्या घोडीचं वजन. डाव्या पायाचं हाड जागचं फिरलं होतं. काल लक्षात आलं असतं तर बर्फात पाय ठेवून वाचवता आलं असतं, आता जगेल पण पाठीवर कोणाला घेणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की हिने काय खाल्लं. मी बाबांच्या मागे उभी होते. कुंदामावशीला इंग्रजी बेताचं येत होतं, पण शुगर हा शब्द कळला. ती मटकन खाली बसली, तशीच, नेसत्या साडीनिशी गवताच्या काड्यांत. माझ्या हातून झालं, एवढंच ती म्हणत राहिली. तिने असं म्हटलं नाही की अनूला विचारलं होतं. बहुधा तिला ते आठवलंच नाही. चारणारा हात तिचा होता, आणि तिच्या हिशेबात तेवढंच उरलं.

वॉल्टर दुपारी आला. नेहमीचं हसणं नव्हतं. त्याने बिस्किटला लांबूनच बघितलं. मग आम्हा दोघींकडे वळून विचारलं, काल हिचे पाय कोणी बघितले? शलाका म्हणाली, मी. गरम नव्हते का? त्याने विचारलं. शलाकाने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. ती तिच्या शाळेतल्या जपून बोलायच्या इंग्रजीत म्हणाली, "आय फेल्ट वॉर्म, सर. बट आय थॉट इट वॉज द सन."

वॉल्टर तिला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त मान हलवली, जशी मोठी माणसं लहान मुलांकडून जास्त अपेक्षा केल्याबद्दल स्वतःवरच हलवतात, आणि कामाला लागला. खुराचा पुढचा भाग बराच घासून कमी करायचा होता, म्हणजे पाऊल टाकताना ओढ कमी बसेल. त्याचे गुडघे दुखत होते. त्याने मला बोलावलं. पाय मांडीवर कसा घ्यायचा ते सांगितलं आणि कानस माझ्या हातात दिली. शलाका मावशीजवळ उभी होती. मी कानस घेतली. मला सांगायला लाज वाटते, पण चांगली चालवली मी ती. वॉल्टर म्हणाला, अशीच, सपाट धर, आणि इतक्या सगळ्यातही माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटलं.

बिस्किट जगली. मिस डोनांनी तिला आणखी अकरा वर्षं सांभाळलं, वाळूच्या छोट्या अंगणात, कोरड्या गवतावर. मी कॉलेजला जाईपर्यंत दर शनिवारी तिचे पाय बघत राहिले. पागेत खुरांची जाणकार म्हणून माझं नाव झालं होतं. शलाका पुन्हा पागेत आली नाही. अभ्यास आहे म्हणायची. वर्ष संपलं आणि ते लोक नागपूरला परतले. एअरपोर्टवर मावशी मला जवळ घेऊन रडली, आणि घोडीला जप म्हणाली.

त्यानंतरची सगळी वर्षं मी मनाशी एक गोष्ट पक्की धरून होते, की शलाकाला सगळं माहीत आहे. तिने मला वाचवलं. वॉल्टरसमोर माझं वाक्य तिने स्वतःच्या तोंडी घेतलं, आईला सांगितलं नाही, मला कधी बोलून दाखवलं नाही. तेरा वर्षांच्या मुलीचा एवढा मोठेपणा. आणि खरं सांगू का, मला त्याचाही हेवा वाटायचा. पोळ्या, गाणं, हात, आणि वर हे. तिला जनावरांच्या डॉक्टरकीला जायचं होतं, मार्कही तेवढे होते, पण ऐन वेळी तिने भूगोल घेतला आणि आता नागपुरात शाळेत शिकवते. आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, बरी आहे, सगळंच काय जिंकायचंय तिला.

यंदा दसऱ्याला मी नागपूरला फोन केला. मावशी आता थकली आहे, कमी ऐकू येतं. पुरणपोळी केली का विचारलं तर म्हणाली, मी दसऱ्याला पुरण घालत नाही, तुला माहीत आहे ना. मला माहीत नव्हतं. तिने त्या वर्षीनंतर एकदाही घातलं नव्हतं. माझ्या हातून त्या मुक्या जिवाचे पाय गेले, ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, औषधांच्या वेळा सांगाव्यात तसं. मी फोन ठेवला. बाहेर रेडमंडचा नेहमीचा पाऊस होता. दोन दिवस मी कामात दहा चुका केल्या, मग शलाकाला फोन लावला. तिथे सकाळ होती, ती शाळेला निघायच्या गडबडीत होती.

मी म्हटलं, "शलू, मावशीला मी खरं सांगणार आहे. बिस्किटचं. तुझी हरकत नाही ना? तुला काय, तेव्हापासून माहीतच आहे."

"काय माहीत आहे?" ती म्हणाली.

मला वाटलं ती अजूनही मला सांभाळून घेतेय. मी म्हटलं, तेच, की गुळाला मी मुद्दाम हो म्हटलं. की तू खूर गरम आहे म्हणालीस, मीही हात लावला, मलाही गरम लागला, आणि तरी मी तुला ऊन म्हणून सांगितलं. तू वॉल्टरला माझं नाव सांगितलं नाहीस.

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी रिक्षा थांबवली. मग ती हळूहळू बोलली, एकेक शब्द तपासून बघत असल्यासारखी.

"अनूताई, मी तर खरंच धरून चालले होते की ऊन होतं. तू म्हणालीस म्हणून. मी इतकी वर्षं समजत होते, मला हातातलं काही कळत नाही. माझा हात खोटा आहे." मग तिने विचारलं, "म्हणजे मला बरोबर लागलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या आधी."